तेलातला डीएनए : साक्यापासून पीसीआरपर्यंत

तेलात डीएनए विरघळत नाही. डीएनएच्या साखर-फॉस्फेटच्या कण्यावर ऋणभार असतो, त्यामुळे तो पाण्याचा सोबती. तेलाच्या रेणूंशी त्याचं जमत नाही. मग बाटलीभर तेलातून डीएनए काढायचा म्हणजे नेमकं काय करायचं? तेलात जे जे तेल नाही ते गोळा करायचं. डोळ्यांना न दिसणारे पाण्याचे थेंब, पेशींचे तुकडे, फळाच्या गराचे किंवा बियांच्या सालीचे कण, तळाशी बसलेला साका. डीएनए असेल तर तो यातच. ग्राहक ज्याला घाण म्हणतो ती आपली साक्षीदार, आणि तेल जितकं चकचकीत तितकी साक्ष दुबळी.

हे मला पहिल्याच खेपेला कळायला हवं होतं. कळलं नाही. गढूळ तेलाचे नमुने आले होते, म्हणून मी बाटल्या दोन दिवस शांत उभ्या ठेवल्या आणि वरचं नितळ तेल अलगद काढून घेतलं. तळातला गाळ बेसिनमध्ये गेला. पुढचा आठवडाभर बफर (डीएनए काढण्याचं द्रावण) बदलून पाहिले, तापमानं बदलून पाहिली, हाती शून्य. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा प्रकार.

हा लेख वनस्पतीच्या डीएनएवर काम करण्याची थोडीफार सवय असलेल्या, पण तेलाला पहिल्यांदाच हात घालणाऱ्या वाचकासाठी आहे. प्रयोगशाळा, फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) आणि रिअल-टाइम पीसीआर यंत्र (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवत वाढवत मोजणारं) हाताशी आहे असं धरलं आहे.

आधी प्रश्न नीट ठरवा

तेल खरं आहे का, या प्रश्नाच्या पोटात निदान चार प्रश्न असतात. तेल कोणत्या वनस्पतीचं आहे? त्या वनस्पतीच्या कोणत्या वाणाचं आहे? कुठल्या प्रदेशातलं आहे? आणि भेसळ असेल तर किती टक्के?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर डीएनए चांगलं देतो. दुसऱ्याचं देतो, पण मेहनत घेऊन. तिसऱ्याचं थेट देत नाही. झाडाच्या जनुकांत मातीचा पत्ता लिहिलेला नसतो. एकाच वाणाची कलमं दोन खंडांत लावली तरी त्यांचा डीएनए तोच. एखादं वाण एखाद्याच प्रदेशात लावलं जात असेल तर वाणावरून प्रदेशाचा अंदाज बांधता येतो, इतकंच. प्रदेशच सिद्ध करायचा असेल तर स्थिर समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) गुणोत्तर आणि सूक्ष्म मूलद्रव्यांचं मोजमाप हा रस्ता आहे. चौथ्या प्रश्नाबद्दल पुढे सविस्तर बोलू. तूर्त एवढं लक्षात असू द्या की डीएनएचं प्रमाण आणि तेलाचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नमुना पाठवणाऱ्याशी हे आधीच बोलून घ्या. मला तर वाटतं, निम्मे वाद काम सुरू करण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत मिटतात.

कोणत्या तेलात काय शिल्लक असतं

घाण्यातून किंवा प्रेसमधून थेट आलेलं, न गाळलेलं तेल सर्वांत उत्तम. गाळलेलं कोल्ड प्रेस्ड तेल त्याखालोखाल. रिफाइंड तेलाची गोष्ट मात्र वेगळी. डीगमिंगमध्ये पाणी किंवा आम्ल घालून फॉस्फोलिपिड्स बाहेर काढतात, तेव्हा डीएनएचा मोठा भाग त्या पाण्याबरोबरच निघून जातो. मग अल्कलीने उदासिनीकरण. मग ब्लीचिंगची, म्हणजे रंग काढणारी माती, आणि डीएनए मातीच्या कणांना छान चिकटतो, म्हणजे उरलासुरला तिथे अडकतो. शेवटी निर्वातात वाफ सोडून २०० अंश सेल्सिअसच्या वर डीओडरायझेशन, म्हणजे वास काढणं. एवढ्यातूनही जे वाचतं त्याचे बारीक तुकडे झालेले असतात. खूप मोठं आकारमान घेऊन आणि अगदी छोटा तुकडा लक्ष्य करून रिफाइंड सोयाबीन तेलातून डीएनए मिळाल्याची उदाहरणं आहेत, पण ते रोजचं काम नव्हे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

यातूनच या पद्धतीची सर्वांत मोठी फट समोर येते. महाग, न गाळलेल्या ऑलिव्ह तेलात कोणी स्वस्त रिफाइंड तेल मिसळलं, तर तुम्हाला फक्त ऑलिव्हचा डीएनए सापडेल, अगदी ठसठशीत सापडेल, आणि अहवाल शुद्धतेचा होईल. हेझलनटचं तेल हे याचं जुनं उदाहरण. ऑलिव्ह आणि हेझलनट यांचा मेदाम्लांचा आराखडा इतका सारखा की नेहमीची रासायनिक चाचणी गोंधळते, म्हणून डीएनएवर भिस्त ठेवावीशी वाटते. पण मिसळलेलं हेझलनट तेल रिफाइंड असेल तर डीएनएही गप्प.

नमुन्याचं वयही महत्त्वाचं. तेलातल्या पाण्याच्या थेंबांत पेशींतून सुटलेली, डीएनए तोडणारी न्यूक्लिएज एन्झाइम्स असतात आणि ती बाटली बंद असली तरी आपलं काम करत राहतात. ताज्या तेलातून जे सहज मिळतं ते काही महिन्यांनी मिळेलच असं नाही. नमुना आला की लगेच कामाला लागा. जमत नसेल तर साका वेगळा करून बफरमध्ये घ्या आणि उणे २० अंशांवर ठेवा.

टेबल लावताना

तेलातला डीएनए इतका थोडा असतो की हवेतली धूळसुद्धा त्याच्यावर मात करते. म्हणून जागा तीन करा: एक डीएनए काढण्याची, एक पीसीआरचं मिश्रण बनवण्याची, एक पीसीआर झाल्यानंतरच्या नळ्यांची. माणसाने पहिलीकडून तिसरीकडे जावं, उलटं येऊ नये. फिल्टर असलेल्या टिप्स, ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटने पुसलेलं टेबल, काम नसताना यूव्ही दिवा. हातमोजे पावडरविरहितच घ्या. जुन्या पद्धतीच्या मोज्यांतली पावडर बहुधा मक्याच्या स्टार्चची असते, आणि तुम्ही मक्याच्या तेलाची भेसळ शोधत असाल तर आनंदच आहे.

नियंत्रण नमुने कमी करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. करू नका. निदान चार लागतात. एक, तेलाऐवजी नुसतं शुद्ध पाणी घेऊन सगळ्या पायऱ्यांतून नेलेली कोरी नळी. दोन, त्या वनस्पतीच्या पानाचा किंवा बियांचा डीएनए. तीन, खात्रीचं शुद्ध तेल. चार, ज्यात डीएनए सापडत नाही असं रिफाइंड तेल घेऊन त्यात मुद्दाम ठरावीक डीएनए मिसळलेला नमुना. हा डीएनए बफरच्या पायरीला घाला, थेट तेलात ओतू नका, नाहीतर तो भांड्याच्या भिंतीला चिकटून बसेल. चौथा नमुना तुमची काढण्याची पद्धत किती टक्के डीएनए परत मिळवते ते सांगतो. आणि कोरी नळी? एकदा माझ्या कोऱ्या नळीतच सोयाबीन निघालं. त्याच टेबलावर आदल्या दिवशी कोणीतरी सोयाबीनचे दाणे दळले होते. तो कोरा नमुना नसता तर एका निरपराध तेलावर भेसळीचा शिक्का बसला असता.

सीटॅब बफर

तयार किट वापरता येतात आणि सिलिकाच्या स्तंभांची किट चांगली चालतातही, पण मोठ्या आकारमानाला सीटॅबची पद्धत अजून मला सरस वाटते. सीटॅब म्हणजे सेटिल ट्रायमिथाइल अमोनियम ब्रोमाइड, एक प्रकारचं डिटर्जंट. वनस्पतींसाठी १९८० मध्ये मरे आणि थॉम्पसन यांनी मांडलेली ही पद्धत आजही जवळपास त्याच रूपात वापरात आहे.

१०० मिली बफरसाठी: सीटॅब २ ग्रॅम, मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड ८.१८ ग्रॅम (१.४ मोलर), पीएच ८ चं १ मोलर ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारं) १० मिली, ०.५ मोलर ईडीटीए (धातूंचे आयन पकडणारं) ४ मिली, पीव्हीपी १ ग्रॅम, आणि उरलेलं पाणी. सीटॅब विरघळताना फेस काढतं. जोरात हलवू नका, ६० अंशांवर हळू ढवळत ठेवा. थंडीत ते खाली बसून पांढरं दिसेल, घाबरू नका, कोमट केलं की परत विरघळतं.

मीठ इतकं जास्त का, हे समजून घेतलं तर पुढच्या चुका टळतात. मिठाचं प्रमाण ०.७ मोलरच्या खाली गेलं की सीटॅब डीएनएलाच पकडून खाली बसवतं. त्यावर असलं की ते बहुशर्करा आणि प्रथिनं यांना धरून क्लोरोफॉर्मच्या पायरीला दूर नेतं आणि डीएनए पाण्यात मोकळा राहतो. म्हणजे मधेच कधीतरी सवयीने पाणी घालून मिश्रण पातळ केलंत तर सगळा खेळ उलटतो. पीव्हीपी पॉलिफिनॉल्सना, म्हणजे पीसीआर अडवणाऱ्या वनस्पतीतल्या रसायनांना, बांधून ठेवतं. ऑलिव्हसारख्या पॉलिफिनॉल्सनी भरलेल्या तेलात ते वगळू नका.

पहिली पायरी : साका गोळा करणं

बाटली उलटीसुलटी करून नीट हलवा, तळातला गाळ पूर्ण उठला पाहिजे. निदान २०० ते २५० मिली तेल घ्या. ५० मिलीच्या सहा पॉलिप्रोपिलीन नळ्यांत प्रत्येकी ४० मिली भरा. पॉलिस्टायरीनच्या नळ्या अजिबात नकोत, पुढे हेक्झेन आणि क्लोरोफॉर्म येणार आहे आणि ती नळी तुमच्या हातात मऊ पडेल.

सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून जड कण तळाशी बसवणारं यंत्र) गुरुत्वाच्या ८,००० पट बलाने, ३० मिनिटं, २० अंशांवर. नळीवर छापलेली मर्यादा आधी वाचा. थंड सेंट्रिफ्यूज असेल तर हात आपोआप ४ अंशांकडे जातो, पण इथे तसं करू नका. बरीच तेलं त्या तापमानाला दाट होतात, काही गोठू लागतात आणि कण खाली जायचे तिथेच अडकतात.

आता वरचं तेल काढा, पण नळी उपडी करू नका. पिपेटने वरून खाली येत तळाशी २ मिली राखा. त्या २ मिलीत कधी तपकिरी ठिपका दिसेल, कधी धुरकट थर, कधी काहीच नाही. काहीच दिसलं नाही तरी टाकू नका. सहाही नळ्यांचा तळ एका नळीत एकत्र करा, म्हणजे साधारण १२ मिली होईल. काढलेलं वरचं तेल निकाल लागेपर्यंत जपून ठेवा.

दुसरी पायरी : तेल घालवणं

इथून फ्यूम हूडखाली. १२ मिली तळात ६५ अंशांपर्यंत कोमट केलेला ४ मिली सीटॅब बफर घाला, मग ६ मिली हेक्झेन. झाकण घट्ट करून अर्धा तास आडवं ठेवून हलवा. जोरात झटके नकोत, दुधासारखं घट्ट मिश्रण झालं तर ते फुटायला फार वेळ लागतो. मग १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज.

हेक्झेन तेल विरघळवून स्वतःबरोबर वर नेतं आणि पाण्याचा थर खाली राहतो. म्हणजे इथे हवं ते तळाला. वरचा पिवळसर थर काढून टाका, मधे लोण्यासारखा पडदा दिसला तर तो पाण्याच्या बाजूने राहू द्या, कारण पेशींचे तुकडे बऱ्याचदा तिथेच अडकलेले असतात. पुन्हा ६ मिली हेक्झेन, पुन्हा हलवणं, पुन्हा वेगळं करणं.

हेक्झेन ६९ अंशांना उकळतं आणि ते अत्यंत ज्वालाग्राही आहे. पुढची पायरी ६० अंशांची आहे, त्यामुळे त्याआधी झाकण उघडं ठेवून हूडमध्ये निदान १५ मिनिटं राहिलेलं हेक्झेन उडू द्या. बंद नळीत ते राहिलं तर झाकण टप्पकन उडतं आणि तुमचा सगळा नमुना हूडच्या काचेवर जातो. आसपास ज्योत किंवा ठिणगी देणारं काहीही नको. टाकाऊ हेक्झेन आणि क्लोरोफॉर्म वेगवेगळ्या, लेबल लावलेल्या बाटल्यांत. बेसिनमध्ये कधीच नाही.

तिसरी पायरी : पेशी उघडणं आणि प्रथिनं काढणं

प्रति मिली १० मायक्रोलिटर प्रोटीनेज के (प्रथिनं तोडणारं एन्झाइम, मिलीला २० मिलिग्रॅमचं) घाला. ६० अंशांवर दीड तास, अधूनमधून हलकेच उलटसुलट. रात्रभर ठेवण्याची पद्धतही काही जण वापरतात, मला त्यातून फारसा फायदा दिसलेला नाही.

थंड होऊ द्या, मग क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोलचं २४:१ मिश्रण समान आकारमानात. पाच मिनिटं हलवा, १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज. आता लक्ष द्या: क्लोरोफॉर्म पाण्यापेक्षा जड, म्हणून या खेपेला पाण्याचा थर वर आहे. मघाशी हेक्झेनला खालचा थर ठेवला, आता वरचा ठेवायचा. कितीतरी चांगल्या हातांनी इथे चुकीचा थर कचऱ्यात घातला आहे. मी नळीवर मार्करने बाण काढून ठेवतो, मुलांच्या खेळासारखं दिसतं, पण चूक होत नाही.

मधला पांढरा पडदा न हलवता वरचा थर काढा. शेवटचे २०० मायक्रोलिटर सोडून द्या, हाव धरू नका. तो पडदा सोबत आला तर पीसीआर अडेल. क्लोरोफॉर्मची पायरी पुन्हा एकदा.

चौथी पायरी : डीएनए खाली बसवणं

मिळालेलं पाणी साधारण ३ मिली असेल. ते २ मिली मावणाऱ्या तीन नळ्यांत प्रत्येकी १ मिली वाटून घ्या. प्रत्येकीत २० मायक्रोग्रॅम ग्लायकोजेन आणि ०.७ मिली आयसोप्रोपॅनॉल. ग्लायकोजेन हा वाहक आहे. नॅनोग्रॅमच्या खालचा डीएनए एकटा खाली बसत नाही, त्याला कोणाचा तरी हात धरून बसवावं लागतं. ग्लायकोजेन प्राण्यांकडून किंवा शिंपल्यांकडून मिळवलेलं असतं, त्यामुळे वनस्पतीच्या चाचणीत ते सहसा आड येत नाही. तरी नवी बाटली उघडली की आधी एकटीच तपासा. हेरिंग किंवा सामनचा डीएनए वाहक म्हणून वापरण्याची जुनी सवय असेल तर ती इथे सोडा, नंतरचं मोजमाप फसवं होतं.

उणे २० अंशांवर एक तास. मग ४ अंशांवर गुरुत्वाच्या १४,००० पट बलाने ३० मिनिटं. नळीचा बिजागर बाहेरच्या बाजूला येईल अशी ठेवा आणि तळाच्या बाहेरच्या बाजूला खूण करा, कारण खाली बसलेली डीएनएची गोळी दिसणार नाही किंवा दिसली तरी ती ग्लायकोजेनची असेल. ती कुठे आहे हे फक्त तुमच्या खुणेला माहीत असेल.

द्रव ओतून टाकू नका, पिपेटने खुणेच्या विरुद्ध बाजूने काढा. ७० टक्के इथेनॉलच्या १ मिलीने दोनदा धुवा, दर वेळी पाच मिनिटं सेंट्रिफ्यूज. मीठ आणि सीटॅबचे अवशेष इथेच जातात, म्हणून दुसरं धुणं टाळू नका. झाकण उघडं ठेवून पाच ते दहा मिनिटं सुकवा. पार कोरडं केलं तर गोळी परत विरघळायला त्रास देते.

विरघळवण्यासाठी १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८, ईडीटीए फक्त ०.१ मिलिमोलर. नेहमीच्या टीई बफरमध्ये ईडीटीए दहापट असतं आणि ते पीसीआरला लागणारं मॅग्नेशियम पकडून ठेवतं. ५० मायक्रोलिटर पहिल्या नळीत घाला, दहा मिनिटांनी तेच दुसरीत, मग तिसरीत. तिन्ही नळ्यांचा डीएनए त्या ५० मायक्रोलिटरमध्ये गोळा झाला.

किती मिळालं?

नॅनोड्रॉपसारख्या, नमुना किती प्रकाश शोषतो ते बघणाऱ्या यंत्रावर मोजून समाधान मानू नका. इतक्या कमी प्रमाणाला २६० नॅनोमीटरचं वाचन म्हणजे बहुतांश उरलेले पॉलिफिनॉल्स आणि इतर अशुद्धी. आकडा येतो, पण तो डीएनएचा नसतो. फ्लुरोमीटर (डीएनएला चिकटणाऱ्या रंगाची चमक मोजणारा) बरा, आणि बऱ्याचदा तोही "मर्यादेच्या खाली" म्हणेल. त्यामुळे निराश होऊ नका. इथे खरा तराजू पीसीआरच.

थोडं गणित करू. सोयाबीनचा एकपट जनुकसंच सुमारे १.१ अब्ज बेसजोड्यांचा (बेसजोडी म्हणजे डीएनएच्या शिडीची एक पायरी), म्हणजे वजनाला साधारण १.१ पिकोग्रॅम. तुमच्या ५० मायक्रोलिटरमध्ये सोयाबीनचा एकूण ११ पिकोग्रॅम डीएनए असेल, तर एकदाच येणाऱ्या जनुकाच्या फक्त १० प्रती आहेत. पीसीआरमध्ये ५ मायक्रोलिटर घेतलात तर सरासरी एक प्रत येईल. सरासरी एक म्हणजे प्रत्येक नळीत एक असं नव्हे: पॉयसनच्या नियमाने ३७ टक्के नळ्यांत एकही येणार नाही. सरासरी तीन प्रती असल्या तरी ५ टक्के नळ्या रिकाम्या. म्हणून एकाच नळीवर "नाही" म्हणणं धाडसाचं असतं. किमान तीन, सीमेवरच्या नमुन्यांना आठ.

काय लक्ष्य करायचं

याच कारणाने एकदाच येणाऱ्या जनुकापेक्षा हरितलवकाचा डीएनए बरा. पेशीत त्याच्या कितीतरी प्रती असतात. पानांत तर हजारोंनी. केंद्रकातल्या डीएनएचा आयटीएस नावाचा भागही पुनरावृत्त, म्हणजे अनेकदा येणारा, असल्यामुळे उपयोगी पडतो. लक्ष्य छोटं ठेवा: १५० बेसजोड्यांच्या आत, जमल्यास ७० ते १००. पानाच्या डीएनएवर सुरेख चालणारी, ५०० बेसजोड्यांचा तुकडा वाढवणारी प्रायमरची जोडी (तुकड्याच्या दोन टोकांना चिकटणारे छोटे डीएनए) तेलावर नापास होते, कारण एवढा अखंड तुकडा तेलात उरलेलाच नसतो.

सुरुवातीला कोणतीही वनस्पती आहे का हे बघण्यासाठी हरितलवकातल्या टीआरएनएल इंट्रॉनचा पी-६ नावाचा भाग उत्तम. २००७ मध्ये ताबेर्ले आणि सहकाऱ्यांनी झिजलेल्या डीएनएसाठी तो पुढे आणला. वनस्पतीनुसार त्याची लांबी १० ते १४३ बेसजोड्या असते. जवळच्या नातलग प्रजातींत मात्र तो फरक दाखवेलच असं नाही, तेव्हा पुढची चाचणी प्रजातीला खास अशा प्रोबने (त्याच प्रजातीच्या डीएनएला चिकटणाऱ्या खूणतुकड्याने) करा. सोयाबीनसाठी लेक्टिन जनुक हे फार वापरलेलं लक्ष्य आहे.

वाण ओळखायचं असेल तर मायक्रोसॅटेलाइट किंवा एसएनपी (वाणावाणांत बदलणाऱ्या डीएनएच्या खुणा) लागतात, आणि ऑलिव्हच्या बाबतीत इथे एक गंमत आहे. फळ अठळीसकट दळलं जातं. गर आईच्या झाडाचा, पण अठळीतल्या भ्रूणात परागकण देणाऱ्या बापाचाही वाटा. त्यामुळे तेलात आईच्या झाडात नसलेली एखादी जनुकखूण उमटते आणि अनुभव नसलेला माणूस "दुसऱ्या वाणाची भेसळ" असं लिहून मोकळा होतो. हरितलवक ऑलिव्हमध्ये आईकडूनच येतं, म्हणून खात्रीसाठी त्याच्या खुणा सोबत पाहाव्यात.

पीसीआर आणि अडथळ्यांची परीक्षा

२५ मायक्रोलिटरची प्रक्रिया, त्यात ५ मायक्रोलिटर नमुना, मिलीला ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास बीएसए (पीसीआरमधले अडथळे स्वतःकडे ओढणारं प्रथिन). ४० ते ४५ चक्रं; दर चक्रात प्रती साधारण दुप्पट होतात. ३८ व्या चक्रानंतर येणाऱ्या वाढीकडे संशयानेच बघा आणि कोरी नळी कधी वाढली ते शेजारी ठेवून बघा.

निकाल लागण्याआधी ही एक परीक्षा न चुकता करा. नमुना जसाच्या तसा एका नळीत आणि दहापट पातळ करून दुसरीत. अडथळा नसेल तर पातळ नमुना साधारण ३.३ चक्रं उशिरा वाढेल. समजा मूळ नमुना ३४ ला वाढला आणि पातळ ३७.३ ला, तर सगळं ठीक. मूळ ३६ ला आणि पातळ ३४.५ ला आला तर मूळ नमुन्यात काहीतरी पीसीआरचा गळा आवळत आहे. पातळ नमुन्यावर काम करा किंवा सिलिका स्तंभातून एकदा काढा. मूळ आणि पातळ दोन्ही रिकामे आले तर प्रत्येक प्रक्रियेत ठरावीक प्रमाणात घातलेला कृत्रिम डीएनए वाढला का ते बघा. तो वाढला असेल तरच "नमुन्यात डीएनए नाही" म्हणता येतं. तोही अडला असेल तर तुम्हाला काहीच कळलेलं नाही.

निकाल वाचताना

मुख्य तेलाच्या वनस्पतीचा डीएनए मिळाला, दुसऱ्या कशाचा मिळाला नाही: याचा अर्थ न गाळलेलं परकं तेल तुमच्या शोधमर्यादेपेक्षा जास्त नाही. रिफाइंड तेलाबद्दल एक अक्षरही बोलू नका. ती शोधमर्यादा स्वतः ठरवा. शुद्ध तेलात भेसळीचं कोल्ड प्रेस्ड तेल ०.५, १, २, ५ आणि १० टक्के मिसळा, प्रत्येकाचे भरपूर नमुने करा, आणि ९५ टक्के नळ्या जिथे होकारार्थी येतात तो टक्का लिहा.

परका डीएनए मिळाला तरी घाई नको. एकाच प्रेसवर आधी शेंगदाणा आणि मग तीळ दळले गेले तर तिळाच्या तेलात शेंगदाण्याचे कण येणारच. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याच्या दृष्टीने ही गंभीर बाब आहे, पण ती फसवणूक ठरत नाही. मुख्य वनस्पतीपेक्षा परकी वनस्पती दहा चक्रं मागे असेल तर ती साधारण हजारपट कमी आहे. तेवढ्यावरून भेसळीचा आरोप म्हणजे सुतावरून स्वर्ग.

आणि टक्केवारी? एका तेलात साका भरपूर, दुसऱ्यात नावाला. एका बीजात हरितलवकाच्या प्रती जास्त, दुसऱ्यात कमी. निम्मं-निम्मं मिसळलेल्या तेलात डीएनएचं गुणोत्तर शंभरास एक येऊ शकतं. डिजिटल पीसीआर प्रती अचूक मोजतो, पण तो प्रतीच मोजतो, तेलाचे मिली मोजत नाही. टक्केवारी मागणाऱ्याला मेदाम्ल आणि स्टेरॉलच्या चाचणीकडे पाठवा. मोहरी-रेपसीड कुळाच्या तेलात ब्रासिकास्टेरॉल असतं. ऑलिव्हच्या आंतरराष्ट्रीय निकषांत त्याची मर्यादा एकूण स्टेरॉल्सच्या ०.१ टक्का आणि कॅम्पेस्टेरॉलची ४ टक्के आहे. रिफाइनिंगने स्टेरॉल्स कमी होतात, पण नाहीसे होत नाहीत, म्हणून डीएनएची फट तिथे बुजते. दोन्ही चाचण्या एकाच नमुन्यावर लावा, माझा आग्रह आहे.

तेल खाण्याला सुरक्षित आहे का, हा प्रश्न तर पूर्ण वेगळा. १९८१ मध्ये स्पेनमध्ये औद्योगिक वापरासाठी ॲनिलीन मिसळलेलं रेपसीड तेल खाण्याचं म्हणून विकलं गेलं आणि २०,००० च्या वर माणसं आजारी पडली. तिथे डीएनएने फार तर वनस्पतीचं नाव सांगितलं असतं.

अहवालात मोघम "शुद्ध" हा शब्द नको. असं लिहा: "२४० मिली तेलाच्या साक्यातून डीएनए काढला. ऑलिव्हचा डीएनए आठपैकी आठ नळ्यांत आढळला. सोयाबीनचा डीएनए आठपैकी एकाही नळीत आढळला नाही. पद्धतीची शोधमर्यादा कोल्ड प्रेस्ड सोयाबीन तेलासाठी २ टक्के. रिफाइंड तेलाची भेसळ या चाचणीने तपासता येत नाही." आकडे अर्थातच तुमचे.

उरलेल्या डीएनएचे १०-१० मायक्रोलिटरचे वाटे करून उणे २० अंशांवर ठेवा. पुन्हापुन्हा वितळवला तर आधीच तुटका असलेला डीएनए आणखी तुटतो. मूळ तेलाची एक सीलबंद बाटली अंधारात, थंड जागी, तारीख घालून. आणि पहिल्या पायरीला बाजूला काढलेलं ते वरचं तेल आता स्टेरॉलच्या चाचणीला पाठवायचं.